सोलापुरात बसून रॅप करायचंय? मग आधी हे वाचा

आमच्या माळ्यावर दहा बाय दहाची एक खोली आहे. पूर्वी तिथं सुताचे बाचके पडलेले असायचे, आता माईक आहे. महिन्याला दोन-तीन पोरं जिना चढून येतात. कुणी विडी घरकुलातून, कुणी जुळे सोलापुरातून, मधे एक जण तर अक्कलकोटहून एसटीनं आला होता. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "दादा, माईक कुठला घेऊ?" बीट, म्हणजे मागं वाजणारं संगीत, कुणाचा आहे, हे मी विचारतो तेव्हा मात्र सगळे एकमेकांकडं बघतात.

म्हणून हा लेख. मी काही मोठा रॅपर नाही. पण आठ-नऊ वर्षं हेच करतोय, चुका भरपूर केल्यात, आणि त्यातल्या निम्म्या तरी तुमच्याकडून टळाव्यात असं वाटतं.

तोंडात कुठली भाषा आहे?

नवा पोरगा पहिलं गाणं लिहितो ते मुंबईच्या हिंदीत. 'गल्ली', 'भाई', 'बंटाय'. अरे, आपल्या गल्लीत असं कोण बोलतं? आपल्याकडं "का बे, कुठं चाललास" म्हणतात. पूर्व भागात एकाच ओट्यावर तेलुगू आणि मराठी चालते, अक्कलकोटच्या बाजूला कानडी, बाजारात दखनी. परगावचा माणूस आपल्या 'बे'वरून आपल्याला ओळखतो आणि हसतो. ऑनलाइन नेमकं तेच कामाला येतं. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडी ढंगात रॅप करतो, आणि पहिल्या चार ओळींत माणूस कुठला ते कळतं. तशी ओळख विकत मिळत नाही.

आता मराठीची एक अडचण. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळं यमक आपोआप जुळतं आणि तिथंच घात होतो. हे बघा:

पहाटे पाचला आमचा माग सुरू होतो
बाप दिवसभर त्याच्यापुढं उभा राहतो

होतो, राहतो, येतो, जातो. सोळा ओळी अशा लिहिल्या की ऐकणारा तिसऱ्या ओळीला जांभई देतो. क्रियापद मधे ढकला किंवा सरळ काढून टाका, आणि शेवटी वजनदार नाम बसवा:

पहाटे पाचला माग, बापाच्या डोळ्यात जाग
पगाराच्या पाकिटात आधी उधारीचा भाग
आई वळते विड्या, हजाराला ठरला भाव
पान तिच्या हातात, पाकिटावर दुसऱ्याचं नाव

फार थोर काव्य नाही, पण फरक कानाला कळतो. लिहून झालं की बीट न लावता, टाळीवर म्हणून बघा. जिथं जीभ अडखळते तिथं शब्द बदला, वेग वाढवू नका. ज्यांना हे सगळं परदेशातून आलंय असं वाटतं त्यांनी लक्षात ठेवा, शब्दांवर कसरत करणारे लावणीकार राम जोशी सोलापूरचेच आणि शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. डफावरचा पोवाडा ऐका. श्वास कुठं घ्यायचा हे तिथं फुकट शिकायला मिळतं.

थोडं गणितही हवं. नव्वद बीपीएमच्या (मिनिटाला नव्वद ठोके) बीटवर सोळा बारचा (बार म्हणजे चार ठोके) अंतरा साधारण ४३ सेकंद चालतो, आठ बार २१ सेकंद. १४० बीपीएमवर तेच सोळा बार २७ सेकंदांत संपतात. रीलला किती ओळी पुरतील, ते यावरून आधीच ठरवता येतं.

विषय? चार-चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी, बंद गिरण्या, पुण्याला गेलेले मित्र. मसाला कमी नाही. पुढाऱ्याचं नाव घेऊन लिहायचं असेल तर दोनदा विचार करा. २०२३ मध्ये राजकीय रॅपवरून महाराष्ट्रात गुन्हे दाखल झालेत. लिहू नका असं म्हणत नाही, पण आरोप करताना हातात काय आहे ते तपासा.

खोली, पंखा आणि चादर

पहिली सहा गाणी फोनवर करा. फुकटच्या बँडलॅब ॲपमध्ये बीट टाकायचा, वायरवाले इअरफोन लावायचे आणि रेकॉर्ड करायचं. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही तालाच्या मागं पडता. ही गाणी कुणाला दाखवायची नाहीत. ती तुमची तालीम.

मग माईक. इथं बहुतेक जण चुकतात. व्हिडिओ बघून कंडेन्सर माईक आणतात. तो फार तीक्ष्ण कानाचा असतो, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा सोडत नाही. रिकाम्या भिंतींच्या खोलीत साधा डायनॅमिक माईक जास्त बरा. त्याला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक संगणकाला जोडणारी पेटी, लागतो. दोन्ही जुने मिळाले तरी चालतील, फक्त घेण्याआधी तिथंच लावून ऐका. कंडेन्सरच घेतला असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका. "दादा, माईक मेलाय" असे फोन मला त्या बटणामुळं येतात.

आता चादर. सोलापुरात राहून फोम विकत घेणाऱ्याला मी पहिल्यांदा चहा पाजतो आणि मग शिव्या घालतो. आपली जाड सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून मूठभर अंतर सोडून टांगा. सगळ्यात महत्त्वाची जागा माईकच्या मागची नाही, तुमच्या पाठीमागची. कारण माईकचं तोंड तुमच्याकडं असतं आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो थेट पकडतो. दोन्ही बाजूंनाही एकेक टांगा. गोधडी असेल तर आणखी उत्तम. याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज मात्र अडत नाही. शेजारचा माग खटखटत असेल तर चादर काय करणार? माग बंद होण्याची वाट बघायची. माझी बहुतेक गाणी रात्री अकरानंतरची आहेत. मे महिन्यात पंखा बंद करून तिथं उभं राहिलात की चौथ्या टेकला घामानं कागद भिजतो. ओळी पाठ करा म्हणतो ते यासाठीच.

तोंड माईकपासून वीतभर लांब, थोडं तिरकं. 'प' आणि 'फ'चा फटका बसू नये म्हणून पुढं पॉप फिल्टर. सगळ्यात जोरात म्हटलेल्या शब्दालाही पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. लाल दिवा लागला की तो टेक गेला, कुठलाही मिक्सवाला तो परत आणू शकत नाही. फाइल वेव्ह, २४ बिट. पूर्ण अंतरा एकदा सरळ म्हणा, मग ओळीच्या शेवटचे दोन-तीन शब्द वेगळ्या ट्रॅकवर परत म्हणा. गाणं भरलेलं वाटतं.

संगणकावर काम करायचं तर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट वापरता येतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका पोराची रात्रभरची मेहनत त्यात अडकली होती. आणि गाणं अतिशय जोरात करण्याच्या मागं लागू नका. स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज साधारण उणे १४ लफ्सला (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) आणून ठेवतं. तुम्ही दाबून-दाबून मोठं केलेलं गाणं तिथं नुसतं चपटं ऐकू येतं.

बीट कुणाचा?

माझं दुसरं गाणं चाललं. चाललं म्हणजे गावापुरतं, काही हजार लोकांनी ऐकलं, चौकात दोघांनी ओळखलं. बीट यूट्यूबवरून उतरवलेला होता, शीर्षकात 'फ्री' लिहिलेलं होतं. तिसऱ्या महिन्यात यूट्यूबवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला. बीट बनवणाऱ्यानं तो कुणाला तरी पूर्ण हक्कानं विकला होता. माझ्याकडं एक ओळीचाही कागद नव्हता. गाणं राहिलं, पण त्यावरचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात. पाकिटावर दुसऱ्याचं नाव, ही ओळ मला त्यानंतर सुचली.

तर 'फ्री'चा अर्थ बहुतेक वेळा 'पैसे कमवणार नसाल तर फ्री' असा असतो. खालचं वर्णन वाचा. परवडत असेल तर लीज घ्या. लीज म्हणजे भाडं. बीट दुसऱ्यांनाही दिला जातो, आणि किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओ किती करता येतील याच्या मर्यादा कागदात असतात. एक्सक्लुझिव्ह म्हणजे तो पुढं कुणाला विकला जाणार नाही, त्यामुळं महाग. लीजच्या बीटवरचं गाणं डिस्ट्रिब्युटरकडं, म्हणजे ते ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडं, टाकताना 'कंटेंट आयडी' या खुणेला हात लावू नका, तिनं यूट्यूबवर आपोआप क्लेम पडतात. तोच बीट घेतलेल्या दुसऱ्या पोरांवर तुमच्या नावानं क्लेम जातात, आणि बहुतेक लीजमध्ये याला मनाई असते.

माझं मत विचाराल तर गावातला बीट बनवणारा शोधा. सोलापुरात लॅपटॉपवर बीट करणारी पोरं आहेत, फक्त ती बोलत नाहीत. त्याच्याशी वाटणी ठरवा, समजा निम्मी-निम्मी, आणि कागदावर लिहा. दोघांची नावं, गाण्याचं नाव, तारीख, टक्के, सह्या. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारा मित्र गाणं चाललं की सगळ्यात आधी भांडतो.

लिहिलेल्या शब्दांवर तुमचा हक्क लिहिल्या क्षणापासून असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. उद्या एखादी कंपनी करार घेऊन आली तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या या गोष्टी ध्यानात ठेवा. हक्क देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द असतात. ते शोधा आणि त्यावर घासाघीस करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. आणि तुम्ही अठराच्या आत असाल तर सही करूच नका, आई-वडिलांना घेऊन बसा.

गीतकार म्हणून आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घेता येतं. १९६९ पासूनची संस्था आहे, गाणं सार्वजनिक ठिकाणी किंवा प्रसारणात वाजलं की गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. एक-दोन गाणी प्रकाशित झाली की अर्ज करा.

गाणं सोडणं

स्पॉटिफायवर थेट गाणं चढवता येत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिडसारखे वर्षाची फी घेतात आणि रॉयल्टीला हात लावत नाहीत, पण फी थांबली की गाणी उतरू शकतात. राऊटनोटच्या फुकट योजनेत फी नाही, ते कमाईतले १५ टक्के ठेवतात. पहिल्या गाण्याला फुकटची योजना पुरे.

नाव ठरवण्याआधी ते सगळीकडं शोधा. त्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि ते काढायला आठवडे जातात. रोमन स्पेलिंग एकदा ठरलं की बदलू नका. यूट्यूबच्या वर्णनात गाण्याचे शब्द देवनागरीत टाका, शीर्षक मात्र दोन्ही लिपींत. आपले लोक ऐकतात मराठी आणि शोधतात रोमनमध्ये. स्पॉटिफायवर शब्द दिसायला हवे असतील तर ते म्युझिक्समॅच या साइटवर भरावे लागतात.

तारीख तीन-चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून गाणं संपादकांकडं पाठवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. लगेच काही होईल अशी आशा नको, पण फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत गाणं जावं यासाठी तरी हे करा. शिव्या असतील तर 'एक्सप्लिसिट'ची खूण करा. यूट्यूबवर पूर्वी सुरुवातीलाच शिव्या आल्या तर डॉलरचं चिन्ह पिवळं व्हायचं आणि जाहिराती आटायच्या, २०२५ मध्ये तो नियम सैल झाला.

माणसं जमवताना

व्ह्यूज विकणारे इन्स्टावर रोज मेसेज करतील. "पाचशे रुपयांत दहा हजार." देऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले गेले की डिस्ट्रिब्युटर गाणंच उतरवतो. आणि समजा नाही पकडले, तरी त्या दहा हजारांतला एकही जण हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तिकीट काढून येणार आहे का?

मी एकच गोष्ट बघतो: किती जणांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठं गळाले याचा आलेख असतो. माझ्या पहिल्या पाच गाण्यांचे आलेख पहिल्या वीस सेकंदांतच कोसळले होते, कारण वीस सेकंद नुसता बीट आणि माझं नाव. आता तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला माझा आवाज येतो. आलेखात एखाद्या जागी उंचवटा दिसला तर लोक ती ओळ परत ऐकतायत. तीच ओळ कापून रील करा. तुम्हाला कुठली ओळ आवडते याला इथं किंमत नाही.

रील करताना शब्द मोठ्या देवनागरी अक्षरांत स्क्रीनवर टाका. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. इन्स्टावर खातं 'बिझनेस' ठेवू नका, त्यात गाण्यांच्या निवडीवर बंधनं येतात. 'क्रिएटर' ठेवा. डिस्ट्रिब्युटरमधून गाणं इन्स्टाच्या ऑडिओमध्ये गेलं की रीलला तेच अधिकृत ऑडिओ लावा, म्हणजे दुसऱ्यांनाही ते वापरता येतं. आठवड्याला दोन छोटे तुकडे आणि सहा-सात आठवड्यांना एक पूर्ण गाणं, एवढं नोकरी करून जमतं. रोज टाकणारे दोन महिन्यांत दमतात, मी बघितलंय.

आणि व्हॉट्सॲप. हसू नका. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे ही यादी आपोआप खऱ्या माणसांची होते. माझ्या यादीत एक रिक्षावाले काका आहेत. गाणं आलं की ते दिवसभर रिक्षात लावतात आणि रात्री सांगतात, "त्या दुसऱ्या कडव्यात काय म्हणतोस ते कळंना बे." असा संपादक पैसे देऊनही मिळत नाही.

सायफर (घोळक्यात आळीपाळीनं रॅप) आणि ओळखीसाठी पुण्याला जावं लागतंच. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळी तिनंच परत. खर्च विभागायला तिघं जण जमवा. तिथल्या कुणासोबत गाणं केलं तर इन्स्टावर कोलॅब पोस्ट करा, ती दोघांच्या फॉलोअर्सना दिसते.

व्हिडिओ

फोन पुरे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ एवढीच वेळ, त्यानंतर ऊन चेहऱ्यावर खड्डे पाडतं आणि फोन तापून बंद पडतो. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, स्टेशन रेल्वेच्या. दोन्हीकडं शूटिंगला परवानगी लागते. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात तर रॅपचा व्हिडिओ नकोच. मागाच्या कारखान्यात मालकाला विचारून शूट करा, आणि कामगारांचे चेहरे घेणार असाल तर त्यांनाही विचारा. आवाज मागाचा ठेवा, दिसायला आणि ऐकायला दोन्ही भारी.

स्टेज

पहिला शो गणपती मंडळाचा किंवा कॉलेजच्या गॅदरिंगचा असेल. मंडळवाला म्हणेल, "नाव होईल की तुझं." होईल, पण निम्मे पैसे आधी घ्या, निदान पेट्रोल आणि जेवण तरी ठरवा. पेनड्राइव्हमध्ये दोन फाइल ठेवा: एक नुसता बीट, एक ध्रुवपदाचा आवाज असलेला. दुसरा पेनड्राइव्ह मित्राच्या खिशात. माईकची जाळी मुठीत धरू नका. दिसायला कडक दिसतं, पण आवाज कोंदतो आणि स्पीकर कुई करतो. मंडळाच्या स्पीकरवर बास इतका असतो की तुमचे शब्द बुडतात, म्हणून शो सुरू व्हायच्या आधी साउंडवाल्याला चहा पाजा आणि बीट थोडा खाली घ्यायला सांगा. आणि रात्री दहाचा नियम आहे. साडेनऊला स्टेजवर बोलावलं तर तीनच गाणी तयार ठेवा, पहिलं सगळ्यात जोरदार.

पैसे

यूट्यूबच्या जाहिरातींतून कमवायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के तुम्हाला मिळतात, शॉर्ट्सचे ४५. स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नसलेल्या गाण्याला २०२४ पासून रॉयल्टीच मिळत नाही. म्हणजे दहा अर्धवट गाण्यांपेक्षा दोन पूर्ण गाणी बरी. पहिली दोन वर्षं शो आणि दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग यावरच चालेल असं धरून चाला. मी अजून दिवसा दुकानात बसतो.

यूट्यूबचे पैसे ज्यातून येतात त्या गूगल ॲडसेन्सचा अमेरिकी करफॉर्म पहिल्याच दिवशी पॅन नंबर घालून भरा, नाहीतर जास्त कापून घेतात. शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. त्याआधी दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला सहा आकडी पिन साध्या टपालानं येतो, आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. माझा पहिला पिन आलाच नाही, कारण पत्त्यात मी 'पाण्याच्या टाकीजवळ' एवढंच लिहिलं होतं आणि आमच्याकडं टाक्या तीन आहेत. घर नंबर, पेठ, पोस्ट सगळं लिहा, आणि पोस्टमन काकांना आधीच सांगून ठेवा की परदेशातून एक पाकीट येणार आहे.